डोक्यानं मारलेले गोल

ते पहिल्यांदा आमच्या क्लिनिकमध्ये आले तेव्हा मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. पाहिला तो गुडघा. उजवा, तीन आठवड्यांपूर्वी ऑपरेशन करून बदललेला, सुजून गरम झालेला, मधोमध टाक्यांचा लांब व्रण असलेला. मी फिजिओथेरपिस्ट आहे. अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिलमध्ये एका बैठ्या इमारतीत आमचं क्लिनिक आहे, एका बाजूला दाताचे डॉक्टर, दुसऱ्या बाजूला इंडियन ग्रोसरी. दिवसाला दहा-अकरा पेशंट, प्रत्येकाला चाळीस मिनिटं, आणि उरलेल्या वेळात कॉम्प्युटरवर त्यांच्या नोट्स. नागपूरला शिकून नवी नवी इथं आले तेव्हा मला माणसांचे चेहरे लक्षात राहायचे. आता गुडघे, खांदे आणि कमरा राहतात.

पेशंटबद्दल बाहेर अवाक्षर काढायचं नाही, असा इथला कायदा आहे. घरीही नाही. म्हणून त्यांचं नाव मी या लिहिण्यातही घेणार नाही, आणि ओळख पटेल अशा बऱ्याच गोष्टी मी बदलल्या आहेत.

फॉर्मवर व्यवसायापुढे त्यांनी ‘रिटायर्ड’ एवढंच लिहिलं होतं.

“कशातून रिटायर?” मी टेबलाची उंची कमी करता करता विचारलं.

“फुटबॉल. तुम्ही अमेरिकन लोक सॉकर म्हणता ते.”

“मी अमेरिकन नाही, नागपूरची आहे. आम्ही फुटबॉलच म्हणतो.”

ते हसले. इंग्लंडच्या उत्तरेकडचा उच्चार होता, पहिले काही दिवस मला अर्धंच कळायचं. ते मला ‘लव्ह’ म्हणायचे. त्यांच्या गावात बसच्या कंडक्टरलाही तसंच म्हणतात, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. मी नोंद केली: वय साठीच्या आसपास, पूर्वी खेळाडू, गुडघा नव्वद अंशांपर्यंतही वाकत नाही.

ते कोण आहेत हे मला शनिवारी कळलं, आणि तेही माझ्याच दिवाणखान्यात.

माझा नवरा कोल्हापूरचा. तिथं फुटबॉल हा खेळ नसतो, पेठेची इज्जत असते. इंजिनिअरिंगला जाईपर्यंत तो पेठेतल्या तालमीच्या संघातून खेळला. इकडे येऊन पंचवीस वर्षं झाली, सॉफ्टवेअर टेस्टिंग करून करून केस गेले, पण शनिवारी सकाळी साडेसातला चहा घेऊन तो टीव्हीसमोर बसतोच. इंग्लंडमध्ये तेव्हा दुपार असते. मुलगी घरी होती तोवर तिलाही बसवायचा. ती आता सिएटलला असते आणि फोनवर विचारते, “बाबा, हू वन?” एवढंच. मी त्या वेळी ओट्याशी असते किंवा शनिवारची शिफ्ट असली तर निघायच्या गडबडीत.

त्या शनिवारी मॅचच्या आधी जुनी दृश्यं दाखवत होते. एक उंच, लाल केसांचा तरुण हात पसरून धावत होता आणि मागून सगळा संघ त्याच्या अंगावर कोसळत होता. आता त्यांचे केस गेले होते, गाल उतरले होते, पण भुवईवरची ती जुनी खूण मी गुरुवारीच क्लिनिकमध्ये पाहिली होती.

“हा कोण?” मी विचारलं.

नवऱ्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू शिवाजी महाराज कोण असं मी विचारलं होतं. “अगं, हा कोण म्हणून काय विचारतेस? आमच्या तालमीत भिंतीवर याचा फोटो होता. मासिकातून कापलेला. हवेत थांबायचा हा. बॉल यायची वाट बघत हवेत थांबायचा!”

“असं होय,” मी म्हटलं आणि डबा भरायला गेले.

आठवड्यातून तीनदा ते यायचे. बायको सोडायला यायची, शाळेतली शिक्षिका, इथलीच, शांत बाई. ती बाहेर वह्या तपासत बसायची. आत टेबलावर मी त्यांचा पाय वाकवायचे आणि दुखणं विसरावं म्हणून ते बोलायचे. त्यांची सगळी कारकीर्द मी अशी तुकड्यातुकड्यांनी ऐकली, गुडघा वाकवता वाकवता.

वडील बस चालवायचे. घराच्या मागच्या शेडमध्ये त्यांनी तुळईला दोरी बांधून बॉल टांगला होता. शाळेच्या आधी शंभर वेळा डोक्यानं मारायचा, शाळेतून आल्यावर शंभर वेळा. पावसात भिजलेला बॉल जड व्हायचा, कपाळावर शिवणीचे वळ उठायचे. आई बटाटे सोलता सोलता आतून मोजायची, कारण पोरगा लबाडी करेल याची तिला खात्री होती. सोळाव्या वर्षी क्लबनं घेतलं. पहिली दोन वर्षं मोठ्या खेळाडूंचे बूट घासले, बाथरूम धुतली. मग एक दिवस पहिला फॉरवर्ड जखमी झाला, यांना उतरवलं आणि त्यांनी गोल केला. त्यानंतर चौदा-पंधरा वर्षं त्यांना गावात बिअरचे पैसे द्यावे लागले नाहीत.

देशाकडूनही खेळले. एका मोठ्या स्पर्धेत त्यांची पेनल्टी बारवरून गेली. विमानतळावर एक म्हातारी त्यांच्यासमोर येऊन थुंकली. त्याच म्हातारीसारखी दिसणारी दुसरी बाई पुढच्या वर्षी त्यांच्या गोलनंतर त्यांच्या हाताचे मुके घेत होती. “लोकांचं तसंच असतं, लव्ह,” ते म्हणाले. “सोमवारी तू देव, शनिवारी तू गाढव. मी दोन्ही दिवशी एकच माणूस होतो आणि दोन्ही दिवशी माझा गुडघा दुखत होता.”

क्लबचे डॉक्टर मॅचच्या आधी गुडघ्यात सुई टोचायचे. पाय बधिर व्हायचा, नव्वद मिनिटं जायची, मग दोन दिवस जिना चढता यायचा नाही. कोणी बळजबरी केली नाही, हे ते प्रत्येक वेळी सांगायचे. बाहेर बसणं त्यांनाच नको होतं. उतरती लागल्यावर अमेरिकेतल्या एका संघानं बोलावलं. अर्ध्या रिकाम्या स्टेडियममध्ये दोन सीझन खेळले, पहिलं लग्न मोडलेलंच होतं, दुसरं इथं झालं. मग मुलींच्या संघांना शिकवत राहिले. मॉरिसव्हिलमध्ये दुकानात दूध घेताना त्यांना कोणी ओळखत नसे. फक्त आमच्या शेजारच्या ग्रोसरीत समोसे घ्यायला गेले की एखादा काउंटरवरचा पोरगा त्यांच्याकडे टक लावून बघायचा. ते त्यांना आवडायचं आणि नकोही असायचं.

आता जे सांगायचं ते मला अवघड जातं.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात मला काही गोष्टी दिसायला लागल्या. वीस वेळा पाय उचलायचा असेल तर ते मोठ्यानं मोजायचे, आणि चौदा-पंधराला आले की थांबून परत नऊवर जायचे. घरी करायच्या व्यायामाचा कागद मी प्रत्येक वेळी द्यायचे आणि प्रत्येक वेळी त्यांच्या खिशात आधीचे दोन-तीन निघायचे. एकदा बुधवारची वेळ असताना मंगळवारी आले, टॅक्सी करून, आणि रिसेप्शनवरच्या मुलीवर ओरडले. मग स्वतःच इतके ओशाळले की तिच्यासाठी समोसे घेऊन आले.

हे सगळं मला दिसत होतं. पण त्या दिवसांत आमची एक सहकारी बाळंतपणाच्या रजेवर होती, तिचे पेशंट माझ्याकडे आले होते, संध्याकाळी गाडीत बसल्यावर किल्ली लावायच्या आधी मी पाच मिनिटं नुसती बसून राहायचे. वेदनाशामक गोळ्यांनी डोकं जड होतं, भूल उतरायला या वयात वेळ लागतो, झोप नसते, असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटंही नव्हतं, बऱ्याच पेशंटचं तसं होतं. पण त्यांच्या गोळ्या बंद होऊन महिना झाला होता, आणि ती नोंद मीच केलेली होती.

जागी केलं ते त्या गोलनं.

एका कपच्या सेमीफायनलमधला शेवटच्या मिनिटाचा गोल. त्यांच्या गावात म्हणे अजून लोक त्याबद्दल बोलतात. पहिल्यांदा त्यांनी सांगितलं तेव्हा बॉल उजवीकडून आला होता आणि त्यांनी डोक्यानं मारला होता. पंधरा दिवसांनी तो डावीकडून आला, त्यांच्या एका लाडक्या मित्रानं दिलेला. तिसऱ्यांदा त्यांनी तो पायानं मारला. मला वाटलं, वेगवेगळे गोल असतील. मला काय कळतंय फुटबॉलमधलं! पण तिन्ही वेळा शेवटचं मिनिट तेच होतं, आणि तिन्ही वेळा वडील बसच्या युनिफॉर्ममध्येच मॅचला आले होते.

शनिवारी मी नवऱ्याशेजारी सोफ्यावर जाऊन बसले.

“त्या लाल केसवाल्याचा सेमीफायनलचा गोल कसा होता रे?”

त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मी विसरणार नाही. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, मी कधी त्याला ऑफसाइड म्हणजे काय हेसुद्धा विचारलं नव्हतं. चालू मॅच बंद करून त्यानं तो गोल शोधून काढला. “थांब, मोठ्या स्क्रीनवर लावतो. चहा घे आधी.”

उजवीकडून बॉल आला. दोन माणसांच्या वर तो लाल केसांचा मुलगा चढला, आणि खरंच, हवेत थांबला. मग डोकं बॉलवर आपटलं. जाळं हललं. समोरच्या खेळाडूचं कोपर लागून भुवई फाटली होती, रक्त गालावरून वाहत होतं, आणि तो हसत धावत होता.

“परत बघ,” नवरा म्हणाला. “आता स्लो मोशनमध्ये. मान बघ त्याची. मानेत ताकद बघ!”

मी मानच बघत होते. बॉल कपाळाला लागतो त्या क्षणी डोकं थांबतं आणि गाल, ओठ, सगळं पुढं जातं आणि मागं येतं. तसं रोज दोनशे वेळा, शेडमधल्या दोरीच्या बॉलवर, दहाव्या वर्षापासून. नवऱ्यानं तो गोल मला चार वेळा दाखवला. मध्ये त्यानं माझ्या खांद्यावर हात टाकला होता.

“तुला आवडलं ना?” त्यानं विचारलं.

“हो,” मी म्हटलं.

नंतर कितीतरी दिवस मला त्या ‘हो’चा त्रास झाला. त्याला वाटलं होतं, इतक्या वर्षांनी बायको आपल्या जगात आली. मी एका पेशंटची तपासणी करत होते.

सोमवारी मी त्यांच्या बायकोला आतल्या छोट्या खोलीत बोलावलं. तिच्याशी बोलायची परवानगी त्यांनी फॉर्मवर दिलेली होती. मी वाक्यं ठरवून ठेवली होती. मी डॉक्टर नाही, मी निदान करत नाही, पण मला काही गोष्टी दिसल्या आहेत, वगैरे. निम्म्यावर आले असेन, तर तिनं हातातलं लाल पेन टोपण लावून पर्समध्ये ठेवलं.

“मला माहीत आहे,” ती म्हणाली. “वर्ष झालं. दुसरं कोणीतरी बोलेल याची मी वाट बघत होते. मी एकटीच बोलले असते तर मला वाटलं असतं, मीच ते खरं करतेय.”

मग तिनं सांगितलं. गॅस चालू राहतो. एकदा मुलींच्या प्रॅक्टिसला म्हणून निघाले आणि ज्या मैदानावर शिकवणं सोडून तीन वर्षं झाली होती तिथं जाऊन दोन तास बसले. इंग्लंडमधले त्यांचे दोन जुने जोडीदार, तेही डोक्यानं बॉल मारणारे, याच स्मृतिभ्रंशाच्या आजारानं गेले. हे अंत्यविधीला जाऊन आले होते.

“तुम्हाला मी हे आधी सांगायला हवं होतं,” मी म्हटलं. “मला महिन्याभरापासून दिसत होतं.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. राग असता तर बरं वाटलं असतं. “तुम्ही दमलेल्या दिसता,” ती म्हणाली. “मीही दमलेय.”

मी सर्जनला आणि त्यांच्या फॅमिली डॉक्टरला पत्र पाठवलं. पुढचे दोन आठवडे ते आलेच नाहीत. आले ते तपासण्या होऊन. टेबलावर आडवे झाले, पाय वाकवून घेतला.

“तू सांगितलंस,” ते म्हणाले.

“हो.”

“कशावरून कळलं तुला?”

“तुमच्या गोलवरून. तुम्ही तो तीन प्रकारे सांगितलात.”

त्यांनी छताकडे बघत विचारलं, “खरा कुठला?”

माझ्या हातात त्यांची टाच होती. “उजवीकडून आला होता,” मी म्हटलं. “तुम्ही डोक्यानं मारलात. तुमची भुवई फुटली होती.”

“आणि बाबा?”

“ते युनिफॉर्ममध्ये होते. ते तुम्ही तिन्ही वेळा बरोबर सांगितलंत.”

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, “लोक विचारतील, माहीत असतं तर खेळला असतास का. मला विचारू नकोस.” मी विचारणार नव्हते. मला गुडघा वाकण्याचा कोन एकशे पंधरापर्यंत न्यायचा होता. त्या दिवशी तो एकशे बारा झाला.

त्यानंतर ते नियमित आले. मोजायचं काम मी माझ्याकडे घेतलं. व्यायामाचा कागद बायकोच्या फोनवर जायला लागला. शेवटच्या दिवशी आमच्या क्लिनिकच्या मागचा जिना ते कठडा न धरता चढले आणि उतरले. मी डिस्चार्जची नोट लिहिली: गुडघ्याची हालचाल उत्तम, चालणं स्वतंत्र, उद्दिष्टं पूर्ण. बाकीचं लिहायला त्या फॉर्मवर रकाना नव्हता.

त्यांच्या आजाराची बातमी जाहीर झाली ती सात-आठ महिन्यांनी. कुटुंबानंच निवेदन दिलं. शनिवारची सकाळ होती, मी डायनिंग टेबलावर मेथी निवडत होते. हाफटाइमला स्टुडिओतले लोक एकदम हळू आवाजात बोलायला लागले, मग तोच गोल दाखवला.

“अगं, ऐकलंस का?” नवरा म्हणाला. त्यानं आवाज वाढवला. “इथं राहतो म्हणतायत. नॉर्थ कॅरोलायनात.” तो वळला. “तू मागं मला त्या गोलचं विचारलं होतंस.”

मी मेथीची पानं खुडत राहिले. कायदा अजून तोच होता.

त्यानं रिमोट उचलला. टीव्ही बंद केला, दुसरा हाफ बाकी असताना, आणि माझ्यासमोर येऊन बसला. एक जुडी त्यानंही ओढून घेतली. त्याला मेथी निवडता येत नाही, देठासकट टाकतो. थोड्या वेळानं म्हणाला, “मला वाटलं होतं, तुला गोल आवडला.”

“आवडला होता,” मी म्हटलं. “तेही खरंच आहे.”

त्याला ते पटलं की नाही, मला माहीत नाही. नंतर तो म्हणाला की तालमीत तेही ओल्या बॉलवर डोकं मारायचे, पैजा लावून. आणि हल्ली त्याला लोकांची नावं आठवत नाहीत.

“तुला कधीच आठवत नव्हती,” मी म्हटलं. “माझ्या मावशीला तू लग्नापासून काकू म्हणतोस.”

तो हसला, पण पुढच्या आठवड्यात डॉक्टरची अपॉइंटमेंट त्यानं स्वतःहून घेतली. सगळं ठीक निघालं. शनिवारी तो पुन्हा मॅच बघायला लागला. मला मात्र त्यानं पुन्हा कधी कुठला गोल दाखवला नाही, आणि मीही मागितला नाही. ते थोडं राहूनच गेलं आमच्यात.

यंदा फेब्रुवारीत मला त्यांची बायको शेजारच्या ग्रोसरीत भेटली, फ्रोझन समोशांच्या कपाटापाशी. वजन उतरलं होतं. मी विचारलं, गुडघा कसा आहे. तिथं तेवढंच विचारता येत होतं.

“फार छान,” ती म्हणाली. “इतका छान की ते फार लांब जातात. परवा हायवेपर्यंत गेले होते, चार मैल. पोलिसांनी आणून सोडलं. म्हणत होते, मॅच आहे.” ती हसायला लागली, आणि मग हसणं थांबवता येईना म्हणून तिनं काचेच्या दाराला हात टेकला. “माझ्या हसण्यावर रागावू नका. तुम्ही तुमचं काम फार चांगलं केलंत.”

मी तिची ट्रॉली ढकलत गाडीपर्यंत गेले, पिशव्या डिकीत ठेवल्या. मग घरी आले आणि बूट न काढताच सोफ्यावर आडवी झाले. दुपारचे दोन वाजले होते. नवऱ्यानं पायातले बूट काढले ते मला झोपेत कळलं, पण मी डोळे उघडले नाहीत.